वाहनाची साक्ष कोणी द्यावी?

बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या गावात उसाचे बिल खात्यावर जमा झाले किंवा वेतन आयोगाची थकबाकी हाती पडली की मोटार घेण्याचा विचार घरात बोलला जाऊ लागतो. त्यानंतर सुरू होते ती मतांची फेरी. मेहुणे, सहकारी, गॅरेजवाले, चहाच्या टपरीवरील जाणकार, सर्वांचा सल्ला घेतला जातो आणि प्रत्येकाचे मत ठाम असते. घराखालोखाल मोठी अशी ही खरेदी ज्या मतांच्या आधाराने होते, ती मते कितपत भरवशाची असतात, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे.

वाहनांविषयीची आपली मते टंचाईच्या काळात घडली. आकुर्डीच्या बजाज कंपनीची ‘चेतक’ स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली. तिच्यासाठी नाव नोंदवून कित्येकांना दहा-दहा वर्षे थांबावे लागे आणि नंबर लागलेली स्कूटर मूळ किमतीपेक्षा जादा पैसे घेऊन विकता येई. मोटारींत निवड प्रामुख्याने अ‍ॅम्बॅसेडर व फियाट यांच्यातच होती. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही फियाट तयार होई. तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती बाद झाली, तेव्हा तिच्या दणकटपणाचे गोडवे गाइले गेले. ते खोटे होते असे नव्हे. परंतु पद्मिनी बिघडत नसे हे त्याचे कारण नव्हते. ती बिघडली तरी गल्लीतल्या गॅरेजात दुरुस्त होत असे. ज्याला आपण गाडीचा भरवसा म्हणत होतो, तो पुष्कळसा सुट्या भागांचा आणि मेस्त्रीच्या सरावाचा भरवसा होता.

आज टंचाई उरलेली नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होतात, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही तयार होऊ लागली. मात्र कारखाना दारात आला म्हणून गिऱ्हाइकाचे ज्ञान वाढले, असे होत नाही. सल्ला देणारा बहुधा स्वतः गाडीचा मालक असतो आणि लाखो रुपये मोजल्यानंतर आपली निवड चुकली असे म्हणणे कोणालाही जड जाते. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हा न्याय वाहनांनाही तंतोतंत लागू पडतो.

शिवाय जो प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, तोच अपुरा असतो. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असे आपण विचारतो. समजा, एका शिक्षकाने सहा लाखांची मोटार घेतली, वर्षाला आठ हजार किलोमीटर चालविली आणि पाच वर्षांनी ती तीन लाखांना विकली. चाळीस हजार किलोमीटरमागे तीन लाखांची घट, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये झाले. पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि अ‍ॅव्हरेज सोळा धरले, तर इंधनाचा खर्च सव्वासहा रुपये येतो. कर्जावरील व्याज, विमा आणि दुरुस्ती यांत अजून धरलेलीच नाहीत. सारी चर्चा लहान खर्चाची होते आणि मोठा खर्च हिशेबाबाहेर राहतो.

थोडे चालविणाऱ्याने जुनी गाडी घ्यावी, हा यावरचा सरळ उपाय. पण तेथे अडचण अधिक खोल आहे. अमेरिकी बोलीत खराब निघालेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. आपण दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू बांधतो; तिकडे गाडीच लिंबू निघते! याच लिंबांवर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. चांगली जुनी गाडी दीड लाखाची, वाईट पन्नास हजारांची. गिऱ्हाइकाला दोहोंतला फरक कळत नाही, म्हणून तो सरासरीने एक लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही आणि बाजारात उरतात ती लिंबे. म्हणजे अज्ञानाचा तोटा फसलेल्या गिऱ्हाइकाइतकाच प्रामाणिक विक्रेत्यालाही होतो.

हे तत्त्व आपल्या दूध-उत्पादकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. संकलन केंद्रावर फॅट व एस.एन.एफ. मोजल्याशिवाय दुधाला दर मिळत नाही. गवळ्याने आपल्या म्हशीची कितीही स्तुती केली तरी यंत्र काय दाखवते तेच खरे. जुन्या वाहनाच्या बाजारात असे यंत्र नाही. नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा यांची माहिती सरकारी ‘वाहन’ प्रणालीवर मिळू शकते. परंतु मीटर मागे फिरविले आहे काय, याचा पडताळा घेणे सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरचे असते. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी मोटार विकताना तिच्या मीटरच्या पूर्वनोंदींचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडेही दरवर्षी विम्याच्या नूतनीकरणाबरोबर मीटरचा आकडा सक्तीने नोंदवून तो गिऱ्हाइकाला पाहण्यास खुला केला, तर अल्प खर्चात मोठे काम होईल.

तोपर्यंत निदान आपण तरी मत आणि हिशेब यांत भेद करावा. ‘गाडी कशी आहे?’ असे विचारण्याऐवजी दुरुस्तीची बिले पाहावयास मागावीत. ज्याचा व्यवहारात हितसंबंध नाही अशा मेस्त्रीला त्याची मजुरी देऊन गाडी दाखवावी. नव्या गाडीच्या बाबतीत अधिकृत वर्कशॉप गावापासून किती अंतरावर आहे, हे अ‍ॅव्हरेजच्या आधी विचारावे. ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी खर्चाची एक साधी वही ठेवावी. शेजाऱ्याला सल्ला देताना ती उपयोगी पडेल आणि पुढे गाडी विकताना तीच मालकाची साक्ष होईल. चांगल्या गाडीला चांगला भाव मिळण्याचा मार्ग तूर्त तरी त्या वहीतूनच जातो.