मौन हे संमतीचे लक्षण नव्हे

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या समाजात खोलवर रुजले आहे. सभेत कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे ठराव मंजूर झाला असे आपण धरून चालतो. सभेच्या कामकाजात ते चालून जाते. परंतु स्त्री-पुरुष संबंधांत हेच वचन घातक ठरते. विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या युवक-युवतींनी आणि त्यांच्या पालकांनी म्हणूनच संमतीचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

हा अर्थ आपल्या देशाला सहजासहजी गवसलेला नाही. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, सबब तिने प्रतिकार केला नसावा, असा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भयाने शरण जाणे आणि संमती देणे यांत मूलभूत भेद आहे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर आंदोलन झाले व १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे.

ही व्याख्या काय सांगते? संमती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी. ती शब्दांनी, हावभावांनी वा अन्य मार्गाने स्पष्टपणे व्यक्त झालेली हवी आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरतीच असते. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही. धाक दाखवून मिळविलेला होकार हा होकार नव्हे. नशेमुळे परिणामांचे भान नसलेल्या व्यक्तीचा होकारही कायदा मानत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याने ग्राह्य नाही. प्रथम वर्षाचे कित्येक विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात, हे विसरता कामा नये. एकत्र फिरणे, खोलीवर येणे किंवा पूर्वी दिलेला होकार यांतून आजची संमती गृहीत धरता येत नाही. मनात शंका असेल, तर थांबून विचारावे. नकार मिळाला, तर तो अपमान न मानता स्वीकारावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिचे निम्मे सदस्य तरी स्त्रिया असाव्यात व विद्यार्थ्यांशी निगडित प्रकरणात निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही असावेत, असा नियम आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी. सबळ कारण असल्यास ही मुदत वाढते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावयाची असते. काही विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, याची दखल या विनियमांनी घेतली आहे.

गुन्हा घडलाच, तर कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न आणता, तक्रार नोंदविता येते. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. भ्रमणध्वनीवरील संदेश पुसू नयेत. मदतीसाठी ११२ व महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे.

एखादी मैत्रीण वा कन्या धीर एकवटून बोलू लागते, तेव्हा ‘तू तेथे गेलीसच का?’ हा पहिला प्रश्न तिचे तोंड कायमचे बंद करू शकतो. तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे, पुढचा निर्णय तिला घेऊ द्यावा आणि तिच्या पाठीशी उभे राहावे. मुलींना सावधगिरी शिकविणारी घरे पुष्कळ आहेत. मुलांना नकाराचा आदर शिकविणारी घरेही तितकीच व्हावयास हवीत.