पहिल्या मायक्रोसेकंदाची राखण

वैशाखात बेळगावला वळीव उठतो तो बहुधा दुपार कलल्यावर. अशा वेळी तिथल्या सांबऱ्याच्या विमानतळावर उतरायला आलेल्या विमानाचा वैमानिक समोरच्या पडद्यावरचे हिरवे, पिवळे, लाल डाग बघत असतो. लाल म्हणजे जोरदार पाऊस, तिकडे जायचं नाही. हे चित्र काढतं विमानाच्या नाकात बसवलेलं छोटं रडार. ज्या अँटेनातून त्याच्या लहरी बाहेर पडतात, त्याच अँटेनातून पावसाच्या थेंबांवर आपटून आलेला प्रतिध्वनी आत येतो. सगळी अडचण इथेच आहे.

जमिनीवरच्या मोठ्या हवामान रडारमध्ये ही अडचण टोकाला जाते. बाहेर पडणारा स्पंद काही लाख वॅटचा असतो. परतणारा प्रतिध्वनी किती? एका वॅटचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाएवढाही असू शकतो. तो टिपणारं सर्किट फार नाजूक असतं. थोडे मिलिवॅट जास्त झाले तरी त्याचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर कायमचा निकामी होऊ शकतो. पाच लाख वॅटमधला हजारावा हिस्सा जरी चुकीच्या वाटेने आत शिरला, तरी ते पाचशे वॅट झाले.

सांबऱ्याचा विमानतळ 1942 सालचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला. आज तिथे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळाही आहे. त्याच युद्धकाळात इंग्लंडातले रडार बांधणारे या प्रश्नाने हैराण होते, कारण त्यांच्या रिसीव्हरमधले सिलिकॉनचे स्फटिक सारखे जळत होते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत त्यावर जो तोडगा निघाला, तो मला आजही थक्क करतो. सटन नावाच्या संशोधकाने बनवलेली एक निर्वात नळी त्यांनी घेतली आणि तिच्यात अगदी कमी दाबाची वाफ भरली. मोठा स्पंद आला की नळीत ठिणगी पडते, वाट शॉर्ट होते आणि शक्ती आल्या पावली मागे फिरते. स्पंद संपला की ठिणगी विझते आणि क्षीण प्रतिध्वनीला वाट मोकळी होते.

ठिणगी पडणं सोपं, विझणं अवघड. रडारच्या हिशेबात एक मायक्रोसेकंद म्हणजे दीडशे मीटर अंतर. नळीला शांत व्हायला दहा मायक्रोसेकंद लागले, तर दीड किलोमीटरच्या आतलं काहीच दिसणार नाही. पाण्याची वाफ मोकळे इलेक्ट्रॉन चटकन पकडते, म्हणून ती उपयोगी पडली. ठिणगी पेटायलाही काही नॅनोसेकंद जातातच. तेवढ्यात एक टोकदार लाट निसटते. म्हणून नळीत एक बारीक इलेक्ट्रोड सतत मंद पेटता ठेवत. आता नळीच्या मागे, निसटलेली लाट अडवायला, पिन डायोडचा लिमिटर बसवतात. नळी दणकट पण मंद, डायोड चपळ पण नाजूक. एकट्याने कुणाचंच भागत नाही.

हेच तत्त्व टेबलावर दोन डायोडांत दिसतं. इनपुटला एक रेझिस्टर, त्यापुढे ग्राउंडला उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड. सिग्नल काही मिलिव्होल्टचा असेपर्यंत डायोड जणू तिथे नसतातच. व्होल्टेज 0.6-0.7 च्या वर गेलं की ते वाहू लागतात आणि जादा करंट ग्राउंडला जातो. आता समजा, चुकून घरातले 230 व्होल्ट इनपुटला लागले. रेझिस्टर दहा किलोओहमचा असेल तर करंट 23 मिलिअँपिअर. डायोड तो सहज सोसतो. पण रेझिस्टरवर पाच वॅटहून जास्त उष्णता होते, आणि नेहमीचा पाव वॅटचा रेझिस्टर धूर सोडतो. 220 किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा घातला तर करंट एक मिलिअँपिअरवर येतो आणि सगळं टिकतं. डायोड सगळे आठवणीने लावतात, रेझिस्टरच्या वॅटकडे फारसं कुणी बघत नाही.

मग प्रत्येक इनपुटला मोठा रेझिस्टर का घालू नये? कारण त्याचा स्वतःचा गोंगाट असतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. आकाशगंगांकडून येणारे जे अत्यंत क्षीण सिग्नल त्या ऐकू पाहतात, ते अशा गोंगाटात बुडून जातील. तिथे इनपुटची राखण करणाऱ्या प्रत्येक भागाला विचारावं लागतं, एरवी तू किती सिग्नल खातोस? सूर्याकडे अँटेना वळवायची असली की सिग्नल मुद्दाम कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर वाटेत घेतात. 30 डेसिबल म्हणजे थेट हजारावा हिस्सा. काम झालं की ते बाजूला. संरक्षण लागेल तेव्हाच मध्ये आणायची ही रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत प्रश्न वेगळा. तिथे कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना उसळणारं व्होल्टेज आणि वळवात लांबच्या वायरीतून येणारा विजेचा झटका सेन्सरच्या इनपुटवर आदळतो. दाराशी गॅस ट्यूब, मग मधे थोडा अवरोध, मग बोर्डाजवळ झटका झेलणारा टीव्हीएस डायोड, अशी रांग हवी. ग्राउंडची वायरही आखूड हवी, कारण झटक्याच्या वेगापुढे मीटरभर वायरसुद्धा शेकडो व्होल्ट अडवून धरते. आणि पॉवरच्या बाजूला बसवलेले निळे किंवा पिवळे चकतीसारखे व्हॅरिस्टर दर मोठ्या फटक्याबरोबर थोडे थोडे खचत जातात, अनेकदा वरून काही दिसतही नाही. ते चैत्रातच, पहिला गडगडाट व्हायच्या आत बदलून घ्यावेत.