भीमेचा उगम

भूगोल शिकवितांना नदीचा उगम म्हणून नकाशावर एक टिंब दाखविण्याची आम्हां शिक्षकांची जुनी रीत. भीमाशंकरीं कुंडाचें पाणी मस्तकीं लावून परतणारा यात्रेकरूहि तें टिंबच पाहून येतो. परंतु देवळापासून उत्तरेस, सह्याद्रीच्या कड्यानें आहुप्यापर्यंत पायीं गेल्यास उगम म्हणजे काय, हें खरें उमगतें.

वाटेच्या डाव्या हातास कडा एकदम तुटतो व खालीं कोंकण दिसतें. तिकडे पडलेला पाऊस अरबी समुद्रास जातो. उजवीकडे पडलेला घोड व भीमा यांतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास पोहोंचतो. मात्र पावसाचें पाणी धांवून न जातां वर्षभर झिरपत राहतें, तें रानामुळें. पालापाचोळ्याखालची माती पाणी पिते आणि झऱ्यांच्या रूपानें तें हळूहळू परत देते. येथील अभयारण्य १९८५ सालीं जाहीर झालें. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून महादेव कोळ्यांनीं देवराया राखल्या आहेत. देवाच्या झाडास कुऱ्हाड लावावयाची नाहीं, हा त्यांचा कायदा. शेकरूचीं घरटीं याच उंच झाडांवर दिसतात. उन्हाळ्यांत बाळहिरडा वेंचून व वाळवून विकणें, हा या लोकांचा मोठा आधार. म्हणजे झाड उभें असण्यांतच त्यांची मिळकत आहे.

या पाण्याची किंमतहि त्यांनींच मोजली. तालुक्यास ज्याचें नांव, तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत बुडालें. खालचीं शिवारें भिजलीं, वरच्या खोऱ्यांतील जमिनी गेल्या. पुढें ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, संततधार पावसानें जड झालेला डोंगरउतार माळीण गांवावर कोसळला व सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. जी माती पाणी धरून ठेवते, तिचा धर सुटला म्हणजे काय होतें, हें त्या दिवशीं दिसलें.

तेव्हां श्रोतेहो, पुढील खेपेस देवदर्शन झाल्यावर लगेच परतूं नका. पावसाचा जोर ओसरल्यावर, गांवचा वाटाड्या बरोबर घेऊन, त्याचें मोल देऊन एक दिवस चाला. नदीचा उगम एका कुंडांत मावत नाहीं. तें रान, ती माती आणि तीं माणसें मिळून उगम होतो.