माया डोया दुखते

१९७४ च्या जूनअखेरीस मी बुलढाणा जिल्ह्यात खामगावजवळच्या एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. माझे गाव रत्नागिरीकडचे. पहिल्याच दिवशी पाचवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माया डोया दुखते." मी मुलींच्या रांगेकडे पाहून विचारले, "माया कोण?" सारा वर्ग खो खो हसला. शेवटी एका मोठ्या मुलाने पुस्तकी मराठीत उलगडा केला, "सर, त्याचा डोळा दुखतो." त्या पोराचा डोळा लालभडक झाला होता, पाणी वाहत होते, आणि मी मात्र माया नावाची मुलगी शोधत होतो!

संध्याकाळी घरमालकीण आजींना हा प्रकार सांगितला. त्या हसल्या नाहीत. ज्वारीची भाकरी ताटात वाढत म्हणाल्या, "हयूहयू समजते मास्तर, घाबरू नका." 'हयूहयू' म्हणजे हळूहळू, हे मात्र मला लगेच कळले. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. शाळेची 'शाया', काळ्याचा 'काया' आणि डोळ्याचा 'डोया'.

मी मराठी माणूस, मराठीच शिकवायला आलेला. माझी ही गत, तर या मुलखात सातासमुद्रापलीकडून आलेल्यांचे काय झाले असेल? हा प्रश्न खामगावनेच माझ्या मनात घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेने वऱ्हाडात काम मांडले. अकोला हे त्यांचे मुख्य ठाणे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला, तेव्हा पोरक्या झालेल्या मुलांना या मिशनने आसरा दिला. मुलगे अकोल्याला, मुली खामगावला.

त्या काळी अमेरिकेहून नवी आलेली एखादी तरुण मिशनरी बाई डोळ्यांपुढे आणून पाहा. आगबोटीने मुंबई, तिथून आगगाडीने जलंब. जलंबला गाडी बदलायची, कारण खामगावला जाणारा तेरा किलोमीटरचा फाटा तिथून सुटतो. कापसाच्या बाजारासाठी घातलेला हा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. स्टेशनावर कापसाच्या गाठी, बैलगाड्या आणि धूळ. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर. पाणी उकळून प्यायचे, कारण पटकीची भीती कायमची. बाहेर पडावे तर पोरे मागे लागणार आणि बाया दारातून डोकावणार.

पण ऊन, धूळ, परके अन्न यांची शरीराला सवय होते. खरी परीक्षा भाषेची. नव्या मिशनऱ्याला कामावर पाठवण्याआधी मुन्शी किंवा पंडित लावून मराठी शिकवण्याची रीत होती. घरी शिकलेसवरलेले, व्याख्याने देणारे माणूस येथे बाराखडी गिरवत बसे. इंग्रजीत टेबलाला लिंग नाही. मराठीत मात्र दार ते, खिडकी ती आणि उंबरा तो. मोल्सवर्थचा १८३१ चा आणि पुढे १८५७ साली सुधारून निघालेला मराठी-इंग्रजी कोश हाताशी असे, पण उच्चार कोशातून येत नाही. 'ळ' तर परक्या जिभेला महाकठीण. आता यातली गंमत पाहा. महिनोन्महिने घोकून ज्याने 'शाळा' हा शब्द साधला, तो खामगावच्या बाजारात गेला की लोक म्हणणार 'शाया'! पंडिताची मराठी वेगळी आणि तिथल्या आयाबायांची वेगळी. मला एका दिवसात जे कळले, ते कळायला त्यांना किती काळ लागला असेल!

भाषेपुढे असे मूल होऊन बसण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट लिस्बनहून एप्रिलमध्ये निघाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. १० नोव्हेंबरला त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड आपल्याला येथे दिसले नाही, असे त्यात आहे. ज्याला झाडेही अनोळखी होती, त्याच माणसाचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मधे गेली ती ३७ वर्षे. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट १८२९ साली मुंबईला उतरले. उतरताच ते कामाला लागले नाहीत. आधी कोकणात बाणकोट-हर्णैकडे जाऊन मराठी शिकले, मग मुंबईत शाळा काढल्या. आमच्या कोकणाने त्यांना मराठी शिकवली, याचा मला गाववाला म्हणून थोडा अभिमान वाटतो.

मिशनरी म्हटले की धर्मांतराचा विषय निघतोच, आणि तो वाद खोटा नाही. त्यांच्यातले अनेकजण आपल्याला 'सुधारायला' आले होते. आमचे दोष त्यांना ठळक दिसत आणि गुण दिसायला वेळ लागे. तरी एवढे मान्य करावे लागते की, ज्यांनी बोली कान देऊन ऐकली त्यांना दारामागचे जग दिसले. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी वऱ्हाडात कित्येक वर्षे काढली. त्यानंतर १९०० साली त्यांचे हिंदुस्थानातील स्त्रियांच्या दुःखांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. बालविवाह आणि वैधव्य हे त्यातले विषय. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही. पण या दुःखांविषयी लिहायचे तर ज्यांची दुःखे त्यांच्याजवळ बसावे लागते, आणि बसल्यावर त्यांचे बोलणे कळावे लागते.

शिकवायला आलेल्या माणसाला पहिले काही महिने शिकावेच लागते. तेव्हा गुरू असतो तो पगारी मुन्शी, दूध घालणारी बाई, अंगणातली पोरे. पुढे भाषा येते, अधिकार येतो, आणि या गुरूंचा विसर पडायला लागतो. मिशनरी असो, मास्तर असो की आडगावी नेमणूक झालेला डॉक्टर, ज्याला तो विसर पडला नाही त्यालाच गावाने आपले म्हटले.

आता आमच्या घराघरातली मुले अमेरिकेत, जर्मनीत जातात. पहिल्या आठवड्यातले त्यांचे फोन मी ऐकतो. भाषा परीक्षेपुरती येते, पण दुकानदार काय म्हणाला ते कळत नाही, शेजारी हसले ते कशाला तेही कळत नाही. मी त्यांना आजींचेच वाक्य सांगतो, "हयूहयू समजते."

त्या मुलाचा डोळा चार दिवसांत बरा झाला. पण त्या वर्षी मी एक वही केली आणि रोज पाच शब्द त्याच्याकडून लिहून घेतले. मी चुकीचा उच्चार केला की तो कपाळाला हात लावी आणि पुन्हा म्हणून दाखवी. वर्षअखेरीला दुसरा एक मुलगा पोट धरून माझ्यासमोर उभा राहिला. काय दुखते ते मला कोणी उलगडून सांगावे लागले नाही.