पाणी तेच, रकाना वेगळा

मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना केंद्र सरकारने ८ मार्च २०१९ रोजी अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, ही बातमी सगळ्यांनी वाचली आहे. गंमत आहे ती तारखांत. ७ मार्चला मंत्रिमंडळाची मंजुरी, ८ ला ऊर्जा मंत्रालयाचं पत्रक आणि १० ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता. सरकारी फाईल एका रात्रीत टेबल ओलांडते, तेव्हा आमच्या धंद्यातली माणसं आधी कॅलेंडर बघतात, मजकूर सावकाश. मजकूरही वाचण्यासारखा होता. २५ मेगावॅटच्या वरचं जलविद्युत आजपासून अक्षय; पण त्यामुळे वन वा पर्यावरण परवानगीत आपोआप सवलत नाही, आणि कारभार अक्षय ऊर्जा मंत्रालयाकडे न जाता ऊर्जा मंत्रालयाकडेच. नाव बदललं, साहेब तेच राहिले.

वितरण कंपन्यांनी वर्षभरात अमुक टक्के हिरवी वीज घेतलीच पाहिजे, या बंधनाला आरपीओ म्हणतात. त्याचे तक्ते रंगवणाऱ्या मंडळींत मी काही काळ होतो. मुंबईत कफ परेडला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तेराव्या मजल्यावर वीज नियामक आयोगाच्या सुनावण्या चालत. अधिकृत युक्तिवाद आत व्हायचे. खरे युक्तिवाद लिफ्टची वाट बघताना.

लहान-मोठ्याची ती २५ ची रेघ काही नदीने आखलेली नाही. १९८९ साली अपारंपरिक ऊर्जेच्या खात्याला ३ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प मिळाले, १९९९ मध्ये हद्द २५ पर्यंत सरकली. कॅलिफोर्नियात हीच रेघ ३० वर आहे आणि चीनमध्ये ५० पर्यंतचा प्रकल्प लहान समजतात. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनेही २५ च्या खालच्यांना पूर्वमंजुरीच्या कटकटीतून मोकळं केलं. मग दक्षिणेकडच्या कागदपत्रांत २४.७५ मेगावॅटचे प्रकल्प दिसू लागले, यात नवल ते काय! नदीत पाणी किती आहे हे अभियंता सांगायचा, किती असायला हवं हे सीए.

महाराष्ट्र आयोगाने ऑगस्ट २००६ मध्ये पहिलं बंधन घातलं: २००६-०७ साठी ३ टक्के, वाढत वाढत २००९-१० ला ६. यात कोयना मोजायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. कारण उघड होतं. १,९६० मेगावॅटची कोयना मोजली असती, तर तिने एकटीनेच पहिल्या वर्षाचं काम जवळजवळ उरकलं असतं, आणि पवनचक्क्यांची व साखर कारखान्यांची वीज घ्यायला कंपन्यांना कुणी विचारलंही नसतं. ऊसवाले आणि वारावाले एरवी एकमेकांना पाण्यात पाहत. दराच्या याचिकेत एकाचा वकील उठला की दुसऱ्याला खोकल्याची उबळ यायची. ‘कोयना बाहेर ठेवा’ एवढ्यापुरतं मात्र दोघांचं गळ्यात गळा. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयना जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याचं पठार आहे. तिथं पवनचक्क्या गरगरतात, त्यांचं युनिट न् युनिट हिशेबात धरलं जायचं. खाली पाणी १९६२ पासून वीज करतंय, त्याची नोंद शून्य.

कोयनेच्या पायथ्याला एक छोटं वीजघर आहे, २० मेगावॅटचे दोन संच. एका सल्लागार कंपनीतल्या नव्या पोराला वाटलं, आपल्याला गुप्तधन सापडलं. बैठकीत म्हणाला, “सर, संच सुटे मोजले तर प्रत्येकी वीसच होतात, पंचविसाच्या आत.” वरिष्ठांनी चष्मा पुसला. “छान. मग चौथ्या टप्प्यातले अडीचशेचे चार संच किती तुकड्यांत मोजायचे, तेवढं लिहून आण.” पुढच्या बैठकीला पोरगा सौर विभागात गेला होता.

मोठ्याला दार बंद. आणि धाकट्याचे इतके लाड की विचारू नका. २०१० च्या नियमावलीत आयोगाने बिगर-सौर बंधनाच्या ०.१ टक्का वीज मिनी आणि मायक्रो हायड्रोतूनच घ्या, असं बजावलं, पुढे ०.२ टक्के. समजा, एखादी कंपनी वर्षाला १ लाख दशलक्ष युनिट वीज पुरवते. २०१०-११ चं बिगर-सौर बंधन ५.७५ टक्के, म्हणजे ५,७५० दशलक्ष युनिट. त्याचा ०.१ टक्का म्हणजे पावणेसहा दशलक्ष. एकेक मेगावॅटची दोन-तीन वीजघरं वर्षभर चालली की झालं. पण तेवढी विकणारे तरी कुठं होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग दरवर्षी ‘शोधली, जाहिरात दिली, मिळाली नाही, तूट पुढच्या वर्षात ढकलावी’ अशा विनंत्या. त्यांच्या झेरॉक्सला जाळलेली वीज कुणी मोजली नाही, हे बरंच झालं.

पुन्हा २०१९ कडे येऊ. मोठं जलविद्युत अक्षय झालं म्हटल्यावर कोयनेला न्याय मिळाला, असं पुष्कळांना वाटलं. पत्रकातली पुढची ओळ त्यांनी वाचली नव्हती. जलविद्युत खरेदीचं वेगळं बंधन आलं, पण त्यात मोजायची ती फक्त ८ मार्च २०१९ नंतर सुरू झालेल्या प्रकल्पांची वीज. २०२१-२२ साठी ०.१८ टक्के, २०२९-३० पर्यंत २.८२ टक्के, असा तक्ता जानेवारी २०२१ मध्ये निघाला.

त्याच सुमारास धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरला गेलो होतो. आग्रा रोडवरचं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. ओळखीच्या अण्णांच्या दुकानात एक बाई आजेसासूचा हंडा मोडीत घालायला आली होती. अण्णांनी आतून बोट फिरवलं, कल्हई पाहिली, ठोक्याचा आवाज ऐकला, काटा केला आणि मोडीचा भाव सांगितला. शेजारी तितक्याच वजनाचा नवा हंडा दीडपट भावाने टांगलेला. मी काय काम करतो ते अण्णांना सांगायची वेळ आली, तेव्हा त्या हंड्यांचाच आधार घेतला. जुन्या धरणाची वीज मोडीत, नव्याची शोकेसमध्ये. अण्णा म्हणाले, “पानी तर तेच शे ना भाऊ, मंग?” आयोगापुढे हा मुद्दा वकिलांनी चाळीस पानांत मांडला असता. बाईने मात्र हंडा परत पिशवीत घातला.

अण्णांचा प्रश्न खानदेशाला जरा जास्तच लागू आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. हे तालुके आता ज्यात आहेत तो नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी ही गावं धुळे जिल्ह्यातच होती. कलेक्टर कचेरीत दाद मागायला निघालेली, बुडीतात जाणाऱ्या मणिबेलीकडची माणसं दोंडाईचाच्या रस्त्याने येऊन सोनगीरलाच आग्रा रोडला लागत. त्या धरणातून महाराष्ट्राला पाणी फारसं नाही, वीज मिळायची होती: १,४५० मेगावॅटमध्ये २७ टक्के वाटा, म्हणजे सुमारे ३९१. मध्य प्रदेशाला ५७ टक्के, गुजरातला १६. कालव्यावरचं वीजघर २००४ ला सुरू झालं, नदीपात्रातलं २००५-०६ ला. गावं बुडवून मिळालेली ही वीज २०१९ च्या कट-ऑफच्या आधीची, म्हणून जलविद्युतच्या बंधनात बाद. त्यातच २०१९ च्या पावसाळ्यात गुजरातला धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरून पाहायचं होतं, आणि तोवर नदीपात्रातलं वीजघर बंद ठेवावं असं त्यांचं म्हणणं. मध्य प्रदेशाने त्याला हरकत घेतली. आपली वीज हिरवी धरायची की नाही यावर मुंबईत खल चालू, आणि तिकडे ती तयार करायची की नाही यावर भांडण.

भूतानची कथा याच्या उलट. भारताच्या पैशातून उभा राहिलेला ७२० मेगावॅटचा मांगदेछू प्रकल्प ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. तारीख अगदी नियमात बसणारी. पण २०२१ च्या आदेशात लिहिलं होतं: देशाबाहेरची जलविद्युत धरायची नाही. सरदार सरोवर तारखेत नापास, मांगदेछू भूगोलात. २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीने प्रकरणागणिक विचार करू, अशी फट ठेवली गेली. तोवर इकडच्या बऱ्याच जणांनी अरुणाचलचे नकाशे मागवले होते.

खरी कलाटणी पुढेच आहे. २२ जुलै २०२२ च्या आदेशाने जुन्या जलविद्युतलाही एकूण बंधनात जागा दिली. मग २० ऑक्टोबर २०२३ ची अधिसूचना आली, ऊर्जा संवर्धन कायद्याखाली, म्हणजे दंडाच्या तरतुदीसह. तिने कट-ऑफ आणखी पुढे ओढली. ‘जलविद्युत’ या रकान्यात आता ३१ मार्च २०२४ नंतर सुरू झालेलीच वीज. त्याआधीची सगळी ‘इतर’ या रकान्यात. म्हणजे महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणून आपण शाळेत जिच्यावर निबंध लिहिले ती कोयना सरकारदरबारी हिरवी ठरली, पण जलविद्युत नाही ठरली. ती ‘इतर’!

आता तूट मिटणार, म्हणून कुठल्याशा कचेरीत पेढे आले होते म्हणे. पेढे खाऊन झाल्यावर कुणीतरी तक्त्याची उजवी बाजू वाचली. महाराष्ट्राच्या २०१९ च्या नियमावलीत २०२४-२५ साठी २५ टक्के बंधन होतं. केंद्राच्या नव्या तक्त्यात त्याच वर्षाला २९.९१, आणि २०२९-३० ला ४३.३३. कोयना आत घेताना उंबराही उचलून ठेवला होता. धरणात थेंब वाढला नाही, वीजघरात पातं वाढलं नाही, तरी कागदावर देश बराच हिरवा झाला. त्यातच डिसेंबर २०२२ पासूनच्या अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रांच्या नियमांत नव्या जलविद्युतच्या हजार युनिटला दीड प्रमाणपत्र, सौर आणि पवनला एकच. पाण्याची वीज अशी दीडशहाणी झाली.

सगळ्यात मजा आली ती पुराव्यांत. ‘इतर’ रकान्यात नाव घालायचं तर वीजघर १ एप्रिल २०२४ पूर्वी सुरू झाल्याचा दाखला जोडा, असं एका कंपनीच्या लेखापरीक्षकाने धरून बसायचं ठरवलं. वीजघर आमच्या जन्माच्या आधीचं. दाखल्याची फाईल वीज मंडळाच्या विभाजनात गेली की वाळवीने नेली, कुणाला ठाऊक नाही. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने भिंतीवरच्या कोनशिलेचा फोटो काढून पाठवला. तारखेवर ऑईलपेंटचे तीन हात बसलेले, एक आकडा दिसेल तर शपथ. मंत्रिमहोदयांचं नाव मात्र ठसठशीत. लेखापरीक्षकाने नाव दोनदा वाचलं, खाली सही केली आणि शेरा मारला: मंत्रिमहोदय दिवंगत होऊन बराच काळ लोटला, सबब पुरावा ग्राह्य.