पितृरेषा आणि वंशावळ

गेल्या चैत्रांत कळंबा येथील एका घरीं वंशावळीचा एक जुना कागद पाहावयास मिळाला. लांबी सुमारें दीड हात, लेखन मोडी, पाठीमागें कापड चिकटविलेलें. एकंदर अकरा पिढ्या दिल्या आहेत. सातव्या पुरुषाच्या नांवाशेजारचा एक शब्द कोणीं तरी खरवडून काढला आहे. कागद उजेडावर धरला असतां तो ‘दत्तक’ असा लागतो. घरधनी म्हणाले, “गुरुजी, हल्लीं लाळ तपासून मूळ पुरुष सांगतात म्हणे. हा कागद खरा कीं खोटा तें त्यावरून ठरेल काय?” हा प्रश्न संग्राहक बंधूंसही पुढेंमागें कोणी तरी विचारणारच, म्हणून त्याचें उत्तर येथें थोड्या विस्तारानें देतों.

मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. अपत्यास देतेवेळीं जोडींतील दोन सूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यामुळें पिढीगणिक पूर्वजांचे अंश मिसळत जातात. पुरुषाच्या ठायीं ‘वाय’ नांवाचें जें सूत्र असतें तें मात्र केवळ बापाकडून येतें, आणि टोकांकडील अल्प भाग सोडल्यास तें कोणाशींही न मिसळतां मुलाकडे जातें. सुमारें ६ कोटी अक्षरांची ही पोथी होय. तिचें समग्र वाचन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें.

पोथी हा शब्द मीं सहज घातलेला नाहीं. लेखनिकाच्या हातून एखादें अक्षर चुकतें, पुढचा लेखनिक त्या चुकीसह नक्कल करतो, आणि समान चुकांवरून आपण प्रतींचीं कुळें लावतों. वायसूत्रांतही कांहीं पिढ्यांमागें एखादें अक्षर बदलतें व पुढील सर्व पुरुषसंततींत तसेंच उतरतें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें आदिपर्व पुण्याच्या भांडारकर संस्थेंतून १९३३ त पूर्ण झालें. त्याच्या प्रस्तावनेंत डॉ. सुकथनकरांनीं ज्या अडचणीचा ऊहापोह केला आहे ती मिश्र प्रतींची: लेखनिकापुढें दोन मूळ प्रती असल्या म्हणजे तो दोहोंतील पाठ एकत्र करतो व कुळ लावणें दुर्घट होतें. आपलीं इतर गुणसूत्रें अशींच मिश्र आहेत. वायसूत्र मिश्र नाहीं, हाच त्याचा गुण. परंतु शेंकडों पूर्वजांपैकीं तें एकाच धाग्याची साक्ष देतें, ही त्याची मर्यादाही तितकीच मोठी आहे.

या साक्षीची किंमत कोंकणांतील बेने इस्रायल समाजाच्या उदाहरणावरून चांगली समजते. पूर्वींच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील हे लोक मराठी बोलत. तेलाचा धंदा करून शनवार पाळीत म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. आडनांवें किहीमकर, पेणकर, दिवेकर अशीं गांवांवरून पडलेलीं. त्यांवरून बाप एक कीं अनेक हें कळत नाहीं. परंपरा सांगते कीं, नवगांवजवळ गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ग्रंथ पाण्यांत गेले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ त लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ त तेल अवीव येथें छापला गेला. तथापि त्याचाही आगमनाविषयींचा आधार परंपराच आहे.

२०१६ सालीं या समाजांतील १८ व्यक्तींच्या गुणसूत्रांची इतर यहुदी व हिंदी समाजांशीं केलेली तुलना प्रसिद्ध झाली. दोन्हीकडील अंश भरपूर आढळले. मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं, म्हणजे सुमारें साडेसहाशें ते हजार वर्षांमागें झालें. आणि बाहेरचा अंश मुख्यतः पुरुषांकडून, येथील अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला. हें कळतें कसें? स्त्रीस ‘एक्स’ सूत्रें दोन, पुरुषास एक; म्हणजे समाजांतील एक्स सूत्रांपैकीं दोन तृतीयांश स्त्रियांच्या ठायीं असतात. त्यांत येथील अंश इतर सूत्रांहून अधिक निघाला तर येथील मातांचा वांटा मोठा, हें उघड आहे.

मग सात पुरुषांची कथा वायसूत्रावरून सिद्ध होईल काय? माझ्या मतें नाहीं. ज्यास मुलीच झाल्या त्याची पितृरेषा तेथेंच संपते, जशी नक्कल न झालेली पोथी कसरीच्या तोंडीं जाते. उलट मागाहून आलेला व्यापारी किंवा समाजांत सामावलेला येथील पुरुष नवी रेषा आणतो. आज सांपडणाऱ्या रेषा मोजून मूळची संख्या निघत नाहीं. शिवाय मिश्रणाचा काळ व आगमनाचा काळ एक नव्हेत. शतकेंपर्यंत अलग राहून लोक नंतरही मिसळूं शकतात.

यांत केवळ जिज्ञासेचा प्रश्न नव्हता. यहुदी धर्मशास्त्र वंश आईकडून धरतें. इस्रायलमध्यें गेलेल्या या लोकांच्या विवाहांस, पूर्वींच्या संबंधांविषयीं शंका घेऊन, तेथील धर्मपीठानें हरकती काढल्या. मोठें आंदोलन झालें, आणि १९६४ च्या ऑगस्टांत तेथील संसदेनें ते सर्व बाबतींत यहुदी होत असें जाहीर केलें. तेव्हां हें सूत्रवाचन उपलब्ध नव्हतें, हें एका परी बरेंच झालें. पितृरेषा पुढें केली असती तर एक उत्तर आलें असतें, मातृरेषा पुढें केली असती तर दुसरें, लोक तेच.

आपल्याकडेही वंश हा शब्द एकाच अर्थानें वापरलेला नाहीं. क्षत्रियवैश्यांनीं पुरोहिताचे गोत्रप्रवर घ्यावे असें मिताक्षरा सांगते. तेव्हां समान गोत्रावरून समान पिता सिद्ध होत नाहीं. दत्तकास जनकाचें गोत्र व रिक्थ राहत नाहीं असें मनु म्हणतो. कोल्हापुरांत १७ मार्च १८८४ रोजीं कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक होऊन शाहू छत्रपति झाले. सूत्राच्या हिशेबीं घाटगे, शास्त्राच्या व राज्याच्या हिशेबीं भोसले. यांत विरोध कांहींच नाहीं.

घरधन्यांस मीं सांगितलें तें असें. सातव्या पुरुषाचे वंशज व सहाव्याच्या भावाचे वंशज यांचीं सूत्रें निराळीं निघालीं, तर तेवढ्यावरून कागद खोटा ठरत नाहीं; खरवडलेल्या शब्दास उलट पुष्टीच मिळेल. तीं सारखीं निघालीं, तरी दत्तक झालाच नाहीं असें होत नाहीं, कारण दत्तक बहुधा भाऊबंदांतलाच घेत. कागदाचें काम कागदानेंच करावें लागतें. वंशावळीची नक्कल करतांना दत्तक, दासीपुत्र, घरजांवई हे शब्द संकोचानें गाळूं नयेत, आणि स्त्रियांचीं माहेरें मिळतील तेवढीं टिपावीं. उपरिनिर्दिष्ट अकरा पिढ्यांत तीं फक्त दोन आहेत. घरधन्यांनीं नक्कल करूं दिली, आणि खरवडलेला शब्द कंसांत घालण्यासही शेवटीं संमति दिली.