जुन्या वाटा : लेखांक सातवा – घाटपायथ्याचा मुक्काम

मागील लेखांकात पनवेलच्या बंदरापासून चौक गावापर्यंतची सडक आपण पाहिली. आज तिचा पुढचा टप्पा, म्हणजे चौकपासून खालापूर-खोपोलीमार्गे बोरघाटाच्या पायथ्यापर्यंतचा आणि तेथून डावीकडे कर्जतला वळणारा, विचारात घ्यावयाचा आहे. हा प्रवास मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन मुद्दाम जुन्या रस्त्याने केला. द्रुतगती मार्गाने पुण्यास जाणाऱ्या मुलाला घाट चढून आल्याचे, कानांत दडे बसतात तेवढ्यापुरतेच कळते. आणि ज्या चढापुढे दोन हजार वर्षे व्यापारी, भिक्षू, सैन्ये आणि बैलांचे तांडे थबकत आले, तो चढ आपल्या मुलांच्या अनुभवातून असा पुसला जावा, हे मला मनापासून खटकते. म्हणून निघताना त्याला एकच प्रश्न मनाशी धरून ठेवावयास सांगितले : प्रत्येक काळी हा चढ कोणाच्या बळावर चढला गेला?

चौक सोडताना डाव्या हातास इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या कुशीतील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली, हे मुलाला ठाऊक होते. तो काही बोलला नाही आणि मीही त्याला बोलते केले नाही. याच चौकातून मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि त्यातून पुढे ते थंड हवेचे ठिकाण वसले. खालापूर हे गाव एके काळी कर्जत तालुक्याच्या पेठ्याचे ठाणे होते. तेथून जवळच महडचे वरदविनायकाचे देऊळ आहे. ते १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधविले, अशी नोंद आहे. कल्याणच्या सुभ्याचा अधिकारी येथवर येऊन देऊळ बांधतो यावरून या वाटेवरची रहदारी आणि तिच्यावरील अंमल यांची कल्पना यावी.

खोपोलीचे मोल मात्र देवळांहून वेगळ्या गोष्टीत आहे. कोकणातून मीठ घेऊन वर जाणाऱ्या आणि देशावरून धान्य घेऊन उतरणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांना घाटाच्या तोंडाशी मुक्काम करावाच लागे. जनावरांना पाणी पाजणे, ओझी फिरवून बांधणे, पहाटेच्या गारव्यात चढणीला लागणे, हा त्यांचा क्रम असे. नाना फडणविसांनी येथे वीरेश्वराच्या देवळाशेजारी जो प्रशस्त दगडी तलाव बांधविला, त्याचा अर्थ त्या थकलेल्या जनावरांकडे पाहिल्यावाचून उमगत नाही. तलावाच्या पायऱ्यांवर बसून मुलाने हिशेब मांडला : “आई, म्हणजे पहिलं उत्तर बैल.”

पण बैलाच्या पाठीवरून तोफ जात नाही. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी याच घाटाने वर निघाली, तेव्हा तोफा आणि सामान चढविण्यात तिचा इतका काळ गेला की मराठ्यांना जमवाजमव करण्यास भरपूर सवड मिळाली, आणि जानेवारी १७७९ मध्ये त्या फौजेला वडगावास नामुष्कीचा तह पत्करावा लागला. (दुसऱ्या एका फौजेचे याहून वाईट हाल ह्याच खालापूर तालुक्यात आधी झाले होते : २ फेब्रुवारी १६६१ रोजी कुरवंड्याच्या वाटेने उतरणारा कारतलबखान उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांच्या हाती सापडला.) वडगावचा धडा इंग्रज विसरले नाहीत. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफा जाण्याजोगी करून घेतली, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने गाड्यांसाठी बांधलेली सडक खुली केली. पाठीवर ओझे वाहणारा बैल त्यानंतर जुवाखाली आला.

त्या सडकेच्या चढणीवर, खोपोली मागे टाकल्यावर, शिंगरोबाचे देऊळ लागते. धनगर शिंगरोबाने साहेबाच्या इंजिनिअरांना घाटातून जाणारी वाट दाखविली, बक्षीस काय हवे असे विचारता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्यापायी त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा येथे सांगतात. आजही मालमोटारींचे चालक धावत्या गाडीतून त्याला नाणे वाहतात. “हे खरं आहे का?” असे मुलाने विचारले. मी त्याला एवढेच सांगितले, की ही कथा सरकारी दप्तराने नव्हे, रस्त्यावरच्या लोकांनी जतन केली आहे. परंतु ज्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गुरे-मेंढरे चारणाऱ्यांच्या पायवाटा होत्या, तेथे परक्या मोजणीदाराने त्या माणसांना वाट विचारली नसेल असे मानणेच अधिक कठीण आहे.

आगगाडीचा प्रश्न सडकेहून निराळा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज सरकते म्हणून सपाटीवर ते मोठे वजन थोड्या बळाने ओढते. पण त्याच गुणामुळे चढ लागला की ते घसरू लागते. म्हणून १२ मे १८५६ रोजी लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि डोंगरापुढे थांबला. जून १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावू लागली, तरी मधला घाट तसाच राहिला, आणि पाच वर्षे मुंबईचा उतारू खोपोलीस उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून खंडाळा गाठीत असे. आगगाडीच्या युगातही भोयांच्या खांद्यावाचून पुणे गाठता येत नव्हते, या गोष्टीचे मुलाला फार नवल वाटले.

घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने आखलेली ही चढण पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट वर जाते. जेथे ती सर्वांत तीव्र आहे तेथे ३७ फूट पुढे जाताच १ फूट चढावे लागते. डोंगरात २५ बोगदे खोदावे लागले. एके ठिकाणी तर वळण घेण्यास जागाच नसल्यामुळे गाडी एका टोकाशी नेऊन, इंजिन मागच्या बाजूस जोडून, उलट दिशेने पुढे काढीत. ते उलटफेरीचे स्थानक १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाल्यावर वगळण्यात आले. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या अमदानीत, १८५९ च्या आरंभी, थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला आणि पुढे त्याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट स्वतःकडे घेऊन, सहकारी अभियंत्यांच्या हातून १८६३ मध्ये तडीस नेले. तिचे धैर्य निःसंशय मोठे होते. परंतु जानेवारी १८६१ मध्ये त्या कड्यांवर ४२,००० माणसे राबत होती, पटकीच्या साथींत ती किड्यामुंगीसारखी मेली, आणि त्यांतील एकाचेही नाव मी मुलाला सांगू शकले नाही, हे त्या धैर्याशेजारी लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

विसाव्या शतकाने चढाकडे उलट्या नजरेने पाहिले. घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे साठविलेले पाणी सुमारे १,७०० फूट खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीस वीज निर्माण केली. तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि यंत्रांतून सुटलेले पाणी पाताळगंगेस मिळाले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीसही असेच वीजघर झाले. १९४२ च्या चळवळीत माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने वीज वाहून नेणारे मनोरे पाडले ते या परिसराचे मर्म ओळखूनच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले.

खोपोलीहून पळसदरीच्या रस्त्याने आम्ही कर्जतला आलो. कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणारी गाडी आजही थांबते, तिच्या पाठीशी घाट चढविणारी बँकर इंजिने जोडली जातात, आणि तेवढ्या अवकाशात उतारू वडा घेतात. मुलगा फलाटाच्या टोकाशी जाऊन ती जोडणी होईपर्यंत हलला नाही.

शेवटी उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे चढून गेलो. लाकडी बांधणीची हुबेहूब प्रतिकृती दगडात उतरविलेले हे इसवी सनापूर्वीचे चैत्यगृह घाटवाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या उपासनेसाठी कोरले गेले. दर्शनी भागाच्या डाव्या अंगास एका भग्न शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे केले, असा तिचा आशय. मी तो समजावून सांगताच मुलाने विचारले, “मग याला आपलं नाव लिहू दिलं, आणि त्या बेचाळीस हजारांना का नाही?” या प्रश्नाचा विचार पुढील लेखांकात, खंडाळ्याहून कार्ल्याकडे जाताना, तेथील दानलेखांच्या आधाराने करू.